प्रकल्प दोन संगणकांवर चालवून दाखवावा

महोदय,

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची देवघेव गेली कित्येक वर्षे व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या, केवळ विंडोजवर चालणाऱ्या एका प्रणालीवर होत असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला आणि आमचा जुना संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नसल्याने एका सभासदाने त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली बसवून दिली. संगणक पुन्हा धावू लागला, पण देवघेवीची प्रणाली काही उघडेना आणि ती लिहिणाऱ्याचा ठावठिकाणा लागेना. तूर्त आम्ही कागदी नोंदवहीवर परतलो आहोत.

नवी प्रणाली करून द्यावी म्हणून पदविकेच्या अंतिम वर्षातील काही विद्यार्थ्यांना विनंती केली, तेव्हा जे दिसले ते अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या कानी पडावे यासाठी हे पत्र. संकेतस्थळ ही मुले चार दिवसांत उभे करतात. परंतु आमच्याकडे इंटरनेट दिवसातून अनेकदा जाते, म्हणून संगणकावरच राहणारी प्रणाली हवी होती. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील एडब्ल्यूटी आणि स्विंग या खिडक्या-बटणे रचण्याच्या संचांच्या व्याख्या त्यांना पाठ होत्या, मात्र खिडकी, बटण आणि रकाना यांची स्वतः जुळणी करून ती दुसऱ्याच्या संगणकावर चालवून पाहण्याची वेळ कधी आलीच नव्हती. क्रोमियमचा अख्खा ब्राउझर पोटात घेऊन फिरणारी इलेक्ट्रॉनसारखी सोय त्यांनी सुचवली, पण आमच्या चार जीबी मेमरीच्या संगणकाला ती जड झाली असती.

अखेरीस त्यांनी पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि क्यूट (Qt) हे टूलकिट, म्हणजे खिडक्या-बटणांचा तयार संच, निवडले. १९९५ साली नॉर्वेतून बाहेर पडलेले हे टूलकिट विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते. व्हीएलसी या परिचित प्लेअरचा विंडोज व लिनक्सवरील चेहरामोहरा त्यावरच उभा आहे. २००९ पासून ते एलजीपीएल या मुक्त परवान्याखालीही मिळत असल्याने अटी पाळल्यास पैसे मोजावे लागत नाहीत. बटण दाबल्याचा सिग्नल कोणत्या स्लॉटला, म्हणजे त्यानंतर करायच्या कोणत्या कामाला, जोडायचा हे मुलांना दोन दिवसांत उमगले. मुख्य धाग्यात, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या कामाच्याच ओळीत, हजारो नोंदींची आयात सुरू केली की खिडकी गोठते, हे मात्र ती प्रत्यक्ष गोठल्यावरच कळले.

खरी परीक्षा देवनागरीने घेतली. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी काढणे, जोडाक्षर बांधणे ही कामे टूलकिट स्वतः करते, त्यामुळे पडद्यावर सारे ठीक दिसते आणि तेथेच फसगत होते. क्षीरसागर हे आडनाव आपण पाच अक्षरांचे वाचतो, संगणक मात्र त्यात नऊ चिन्हे मोजतो. त्यामुळे रकान्याला इंग्रजी हिशेबाने लांबीची मर्यादा घातली की मराठी नावे अर्ध्यातच तुटतात. सभासदांची यादी युनिकोडच्या, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमाने लावली तर काळे हे काशीकरांच्या आधी येतात, कारण तेथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसलेला आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्षीरसागरही क च्या शेवटी जाऊन बसतात. मराठीचा वर्णक्रम जाणणारी आयसीयू ही लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संग्रह, (संगणकाच्या जगातही लायब्ररीच!) जोडली तेव्हा यादी ताळ्यावर आली. खिडकीतील घटकांच्या जागा पिक्सेलमध्ये मोजून पक्क्या केल्यामुळे उबुंटूवर वेगळा फाँट येताच रफार आणि मात्रा वरून कापल्या गेल्या. मग सर्व मांडणी घटकांच्या जागा आपोआप जुळवणाऱ्या लेआउटच्या हवाली करावी लागली. मला तर वाटते, एका पाठ्यपुस्तकाच्या तोलाचे शिक्षण या एका खिडकीने दिले.

एकदा लिहिले की सर्वत्र चालते, हेही अर्धसत्यच ठरले. प्रोग्रॅमचे मूळ लेखन एकच असले, तरी पायथनची प्रणाली स्वतंत्र फाइल म्हणून बांधताना विंडोजची विंडोजवर आणि लिनक्सची लिनक्सवर, अशी दोनदा बांधावी लागली.

म्हणून तंत्रशिक्षणाच्या धुरिणांना माझी एक मर्यादित सूचना आहे. अंतिम वर्षाच्या डेस्कटॉप प्रकल्पाचे गुण देण्यापूर्वी परीक्षकांनी तो विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर न पाहता एका विंडोज आणि एका लिनक्स संगणकावर नव्याने बसवून घ्यावा, त्यात दहा मराठी नावे भरून यादी वर्णक्रमाने लावायला सांगावी. यासाठी नवा विषय लागत नाही की नवी प्रयोगशाळा.

सरावासाठी खऱ्या नोंदी हव्या असलेल्या विद्यार्थ्यांना आमच्या वाचनालयाची पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांची माहिती वगळून, पाहता येईल. ग्रंथपाल सायंकाळी पाच ते आठ या वेळेत असतात.

आपला,
तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह