इमारतीसोबत तिच्या माहितीचाही ताबा मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उंच निवासी इमारतींच्या जाहिरातींत अलीकडे ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ अर्थात ‘बीआयएम’ हा शब्द वरचेवर दिसू लागला आहे आणि बहुतेक वाचक त्याचा अर्थ इमारतीचे संगणकावरील रंगीत, त्रिमितीय चित्र एवढाच घेतात. अशा इमारतींमधील पाणी, सांडपाणी, वीज आणि अग्निशमन यांच्या नळवाहिन्यांचा स्थापत्याशी मेळ घालण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. हा गैरसमज घर घेणाऱ्याच्या हिताचा नाही, असे मला अनुभवाने वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा असतात. बीआयएमच्या मॉडेलमध्ये तीच भिंत आपली जाडी, आपले साहित्य, ती किती वेळ आग थोपवू शकते आणि तिच्यातून कोणती वाहिनी जाते, ही सगळी माहिती घेऊन उभी असते. एक खिडकी सरकवली की मजल्याचा नकाशा, छेद, दर्शनी बाजू आणि खिडक्यांची यादी या चारही ठिकाणी तो बदल एकदमच उमटतो.

असे मॉडेल नसले की काय होते, हे मला एका बत्तीस मजली इमारतीच्या कामावर कळले. लिफ्टच्या गाभ्याची मापे बदलल्यामुळे संरचना अभियंत्यांनी स्नानगृहाजवळचा ६०० मिलिमीटर खोलीचा बीम थोडा सरकवला, मात्र प्लंबिंगचा नकाशा जुन्याच आराखड्यावर बेतलेला राहिला. शौचालयापासून शाफ्टपर्यंत, म्हणजे नळवाहिन्यांसाठी राखलेल्या उभ्या पोकळीपर्यंत, सहा मीटर जाणाऱ्या ११० मिलिमीटरच्या पाइपला साठास एक असा ढाळ दिला, तर शाफ्टपाशी तो १०० मिलिमीटर खाली उतरतो. कागदावर पाइपची रेघ बीमच्या तुटक रेघेला छेदून सहज पलीकडे गेली होती, कारण कागदाला खोली नसते. चूक ध्यानात आली तेव्हा सहा मजल्यांचे स्लॅब पडून गेले होते. मग काँक्रीटला भोक पाडणारे कोअर कटिंगचे यंत्र आले, काही ठिकाणी सळ्या कापल्या जाण्याचा धोका पाहून संरचना अभियंत्यांनी ते थांबवले, आणि अखेर पाइप वळवून घेण्यासाठी स्नानगृहाचे छत इतके खाली आणावे लागले की उंच माणसाला ते जाणवेल. त्या सहा मजल्यांवरील कुटुंबे आजही त्याच छताखाली राहत आहेत आणि त्यांना त्याचे कारण ठाऊक नाही.

स्वतंत्र बंगल्यात अशी चूक एकदाच होते. उंच इमारतीत ‘टिपिकल फ्लोअर’चा, म्हणजे अनेक मजल्यांसाठी एकच वापरला जाणारा, नकाशा तिला मजल्यामजल्यावर पोहोचवतो. शिवाय टिपिकल मजला खऱ्या अर्थाने सारखा नसतोच. वर जाताना भार घटतो तसे कॉलम बारीक होतात, त्यामुळे शाफ्टची भिंत आणि दाराची चौकट यांची मापेही बदलू शकतात. पाण्याचे तर विचारूच नये. टाकीपासून दर दहा मीटर खाली येताना दाब सुमारे एक बारने (बार हे दाबाचे एकक) वाढतो, म्हणजे नव्वद मीटरवरच्या टाकीतून थेट उतरणारे पाणी तळमजल्याच्या नळाला सुमारे नऊ बार दाबाने भिडेल. म्हणून ठरावीक मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात, आणि ते शाफ्टमध्ये अशा जागी हवेत की प्लंबरचा हात व पाना तिथवर पोहोचेल. जाणकार मंडळी मॉडेलमध्ये पाइप बीमला धडकतो का हे तपासतातच, पण व्हॉल्व्हभोवती दुरुस्तीपुरती मोकळी जागा उरते का, हेही तपासतात. माझ्या मते हा दुसरा तपास अधिक मोलाचा आहे, कारण धडक बांधकामाच्या वेळीच उघड होते, तर अडचणीत बसवलेला व्हॉल्व्ह दहा वर्षांनी गळू लागल्यावर दिसतो.

अर्थात संगणक धडकांची भली मोठी यादी काढून देतो; त्यांतल्या कोणत्या खऱ्या आणि कोणी माघार घ्यायची हे वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि सेवा अभियंते यांनी एकत्र बसूनच ठरवायचे असते. पुष्कळ ठिकाणी आधी सगळे नकाशे पुरे करतात आणि मागाहून, केवळ दाखवण्यापुरते, त्यांवरून मॉडेल तयार करतात. अशा मॉडेलचा आराखड्याला काडीचाही उपयोग होत नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली निवासी इमारतीला आग लागून ७२ जणांचा बळी गेला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या अभियंता ज्युडिथ हॅकिट यांच्या २०१८ च्या अहवालाने इमारतीच्या सुरक्षेविषयीची माहिती आराखड्यापासून वापरापर्यंत अखंड, अद्ययावत आणि डिजिटल स्वरूपात जपण्याची शिफारस केली आणि तिला ‘सोनेरी धागा’ म्हटले. २०२२ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये १८ मीटर किंवा सात मजले व त्याहून उंच निवासी इमारतींसाठी हे बंधनकारक झाले. बाहेरच्या आवरणात नेमके कोणते साहित्य वापरले आहे, अग्निरोधक दार कोणत्या प्रतीचे आहे, या प्रश्नांचे उत्तर इमारतीची जबाबदारी सांभाळणाऱ्यांच्या हाती असलेच पाहिजे, हे त्यामागचे सूत्र आहे.

बहुतांश ठिकाणी मात्र ताबा देताना किल्ल्या आणि नकाशांची एक गुंडाळी हाती पडते, आणि ते नकाशेही जसे बांधायचे ठरले होते तसे असतात, जसे बांधले तसे नसतात. ज्यांनी मॉडेलवर इमारत रचली त्यांनी बांधकामात झालेले बदल त्यात नोंदवून ते मॉडेल रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवावे. ते एखाद्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारे नसावे; आयएसओ १६७३९ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाने ठरवलेल्या ‘आयएफसी’ या खुल्या स्वरूपात ते देता येते. घर घेणाऱ्यांनीही करारावर सही करण्यापूर्वी हे मॉडेल आपल्याला मिळणार आहे का आणि बांधकामानंतर ते अद्ययावत कोण करणार, हे लेखी विचारावे.

आपला विश्वासू,
एक सेवा-समन्वय अभियंता