किनाऱ्यावरची जागा मागितली नाही

विशाखापट्टणम

ती. आई-बाबांना सा. न.

मुंबईची पोस्टिंग मी मागितलेली नाही. आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं पत्र धास्तीशिवाय वाचता येईल. नेव्हीत पसंती विचारतात, ती मिळेलच असं नाही. पण फॉर्मवर पहिल्या ओळीत मी जहाज लिहिलंय आणि वरिष्ठांच्या बोलण्यावरून या खेपेला ते मिळेलसं दिसतं. म्हणजे नेरूळहून हार्बरची लोकल पकडून ऑफिसला जायचं आणि रात्री आईच्या हातची आमटी ओरपायची, हा आपला बेत लांबला. आई, तू चिडणार हे धरूनच लिहितेय. फोनवर हे जमलं नसतं. तू रडली असतीस आणि मी 'बघू' म्हणून वेळ मारून नेली असती.

बाबा, तुमचा राग वेगळा आहे. दिवाळीत तुम्ही म्हणालात, "झेंडा बदलला, साहेबांच्या हातातली छडी गेली, मेसमध्ये कुर्ता-पायजमा आला. यात नेव्ही कुठे बदलली?" उभी नोकरी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात, लायन गेटच्या आत काढलेला फिटर असं विचारतो, तेव्हा फराळाच्या ताटावर उत्तर देता येत नाही. शिवाय काका बसले होते, आणि काकांना झेंडा फार आवडलाय.

तुमचं अर्धं म्हणणं मान्य. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विमानवाहू नौका विक्रांत ताफ्यात आली, त्याच दिवशी झेंड्यावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रूस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. मलाही तो आवडला. महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या खाडीत आरमाराची सुरुवात केली. त्यांची खूण आमच्या झेंड्यावर यायला स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षं लागली, हेच नवल. पुढच्या वर्षी छडी गेली, त्याच्या पुढच्या वर्षी कुर्ता आला. (आई, तू पाठवलेला निळा चालला, कारण तो एकरंगी होता. फुलाफुलांचा पाठवू नकोस.) यात कुणाचं काही बिघडलं नाही आणि खर्चही फारसा झाला नाही.

पण ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, मालवणच्या राजकोटावर महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. टीव्हीवर सगळे एकमेकांवर ओरडत होते. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "खाऱ्या वाऱ्यातले नट-बोल्ट कुणी तपासले?" नेव्ही बदलली की नाही, हे मीही त्याच प्रश्नावर ठरवते. कुणी तपासलं, त्याला काय दिसलं, आणि जे दिसलं ते वर सांगायची त्याची छाती झाली का.

ऑगस्ट २०१३ चा तो आठवडा आठवा. १० तारखेला अरिहंत या अणुपाणबुडीची अणुभट्टी सुरू झाली, १२ ला कोचीत विक्रांत पाण्यात उतरली. तुम्ही पेढे आणलेत. १४ तारीख लागली त्या मध्यरात्रीनंतर सिंधुरक्षक तुमच्याच डॉकयार्डात स्फोट होऊन बुडाली, आत अठरा जण होते. एकाच आठवड्यात एवढं मोठं बांधणारी नेव्ही आणि धक्क्याला बांधलेली पाणबुडी गमावणारी नेव्ही, दोन्ही आपलीच. सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ ला, मुंबईजवळच्या समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीमध्ये धूर कोंडला, दोन अधिकारी गेले, आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशींनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. सरकारने तो त्याच दिवशी स्वीकारला.

तुम्ही त्यांच्याबद्दल अजून हात जोडून बोलता. मीही बोलते. पण आपलं तेव्हाही पटलं नव्हतं आणि अजून पटत नाही. बॅटऱ्यांची मुदत संपल्याची, नव्या वेळेवर न आल्याची चर्चा तेव्हा पेपरांत रोज होती. आग कशाने लागली हा भाग वेगळा. पण बॅटरी असो की केबल, खरेदीची शेवटची सही नौदलप्रमुखाची नसते. ज्याच्या हातात पैशाची थैली नाही तो जबाबदारी घेऊन घरी गेला आणि ज्यांच्या हातात ती होती ते खुर्चीतच राहिले. नवा प्रमुख नेमायला एप्रिलचा मध्य उजाडला. तुम्ही म्हणता, असा माणूस पुन्हा होणे नाही. मी म्हणते, अशी वेळ येईपर्यंत खालून किती कागद वर गेले आणि कुठल्या टेबलावर पडून राहिले, ते मला बघायचंय. माझं खातंच ते आहे.

आई, तुला अजून वाटतं की मी जहाजावर 'ऑफिसचं काम' करते. लॉजिस्टिक्स म्हणजे तांदूळ, डिझेल, औषधं, दोऱ्या, पंपाचे सुटे भाग आणि सेलर लोकांचा पगार. बाबा सकाळी सीएसटीहून चालत जायचे तेव्हा वाटेत जी कॅसल बॅरक्स लागायची, म्हणजे आताचा नौदल तळ आयएनएस आंग्रे, तिथे १९४६ च्या फेब्रुवारीत नौसैनिकांनी गोऱ्यांशी बंदुकीने सामना केला. त्याची सुरुवात १८ तारखेला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावर झाली होती. निकृष्ट जेवण आणि तक्रार केली तर कमांडिंग ऑफिसरच्या वंशद्वेषी शिव्या. पोरांनी आधी सरळ मार्गाने सांगून पाहिलं होतं. ऐकून घेतलं असतं तर बहुधा थाळीतच मिटलं असतं. जेवणाची जबाबदारी माझ्यावर असल्यामुळे हा इतिहास मला देशभक्तीच्या धड्यासारखा वाचताच येत नाही. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, वास मारणारी डाळ दिसली की तोच आठवतो.

आता एक चांगली गोष्ट सांगते, जहाजाचं नाव लिहीत नाही. पहाटे निघायचं होतं. आदल्या संध्याकाळी स्टोअर्समधला एक पोरगा माझ्याकडे आला, मिसरूडही धड न फुटलेला. म्हणाला, "मॅडम, काही बीए सेटच्या सिलिंडरांची टेस्टची तारीख उलटलीय." धुरात शिरताना पाठीवर घेतात ते सेट. मी त्यालाच सोबत घेऊन कॅप्टनकडे गेले. कॅप्टनने दोनच गोष्टी विचारल्या: किती आहेत, आणि रात्रीत बदलून मिळतील का. मिळणार नव्हते. त्यांनी फोन उचलला आणि निघायची वेळ पुढे ढकलून घेतली. वरून त्यांना काय ऐकावं लागलं ते दाराबाहेरही कळत होतं. त्या पोराला मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्यानंतर त्या जहाजावर मला वाईट बातम्या चहाच्या आधी मिळायला लागल्या.

असं सगळीकडे होतं का? नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईत दुरुस्तीला आलेल्या ब्रह्मपुत्र युद्धनौकेला आग लागली आणि एक सेलर गेला. म्हणजे २०१३ नंतर आपण शहाणे झालो असं छातीठोक म्हणायची सोय नाही. पण आता कमांडला येणाऱ्यांत अशी माणसं भेटतात, आणि ती किनाऱ्यावरच्या फायलींतून घडत नाहीत. मला ते काम त्यांच्याजवळ राहून करायचंय.

दुसरं कारण असं की काम स्वतःच बदललंय. तुमच्या तरुणपणीच्या नेव्हीचा विचार १९७१ च्या कराचीभोवती फिरायचा: क्षेपणास्त्र नौका न्यायच्या, मारा करायचा, परत यायचं. आम्हाला पूर्वी विचारत, लढाई पेटली तर किती वेळात पोहोचाल? २०१७ पासून जहाजं ठरावीक समुद्रात आळीपाळीने उभीच ठेवतात, एडनच्या आखातापासून मलाक्काच्या तोंडापर्यंत. आता विचारतात, लढाई नसताना किती महिने तिथे थांबाल? मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने 'रुएन' हे पळवलेलं मालवाहू जहाज चाळीस तास घेरून सोडवलं, सतरा खलाशी वाचवले, पस्तीस चाचे पकडून मुंबईला पोलिसांच्या ताब्यात दिले. तुम्ही टीव्हीवर कमांडो बघितलेत. मी हिशेब करत होते की इतका काळ बाहेर असलेल्या जहाजाला ताजी भाजी आणि डिझेल कुठून मिळालं असेल. तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रं उडायला लागल्यावर न्हावा शेव्याला येणारी-जाणारी किती जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, हे शेजारच्या क्लिअरिंग एजंट काकांना विचारा. ते तासभर ऐकवतील.

आणि बाबा, बायका. मला घेतलं तेव्हा चौदा वर्षांनंतर घरी, असाच करार होता. १७ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने आम्हाला पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत नोकरीत राहण्याचा, हक्क दिला. सरकारी बाजूच्या युक्तिवादात हेही होतं की रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी स्वच्छतागृहं नाहीत. तुम्ही पेपर बाजूला ठेवून म्हणाला होतात, "दोन बल्कहेड आणि एक पाइपलाइन, एवढ्यासाठी सुप्रीम कोर्ट?" (बल्कहेड म्हणजे जहाजातली आडभिंत.) माझ्यासाठी तो निकालाचा सगळ्यात चांगला सारांश होता. त्याच वर्षाच्या शेवटी बायका पुन्हा युद्धनौकांवर गेल्या. पुढे प्रेरणा देवस्थळींकडे त्रिंकट या युद्धनौकेची कमान आली. हे झेंड्यासारखं एका समारंभात झालेलं नाही, म्हणून मला त्यावर जास्त भरवसा आहे. आणि जागा उघडली असताना मीच किनारा मागितला, तर मागच्या पोरींना 'बघा, यांनाच नको असतं' हे ऐकावं लागेल.

ताईच्या लेकाचं विचारलंत. अग्निवीर व्हायचं असेल तर होऊ दे, मी अडवणार नाही. पण त्याला नीट सांगा की चार वर्षांनी चौघांतल्या एकालाच पुढे ठेवतात. सरकार म्हणतं फौज तरुण राहील. मला त्यात पेन्शनचं बिल जास्त दिसतं. पाणबुडीवर पाण्याखालचे आवाज ओळखणारा चांगला सोनार ऑपरेटर तयार व्हायलाच वर्षं जातात, हे मी कुणापुढेही म्हणेन. त्याने आधी डिप्लोमा पुरा करावा, मग फॉर्म भरावा. आणि हे पत्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, प्लीज.

आता कामाचं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. ताईने रजा टाकलीय, मी बोललेय तिच्याशी. परळच्या डॉक्टरांकडे जाताना टॅक्सी करा आणि अटल सेतूने जा, आईला वाशीच्या ट्रॅफिकमध्ये मळमळतं. बाबा, वाशीचा टोल आता माफ आहे आणि सेतूवर टोल पडतो हे तुम्ही सांगणारच. ते पैसे मी टॅक्सीवाल्याला आधीच पाठवलेत, त्यामुळे आता परत मागता येणार नाहीत.

तुमची,
धाकटी