निष्ठेचे धडे प्रशिक्षकांनी देऊ नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलविषयीचे टिपण वाचले. खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलतात, जिथे पैसा जास्त तिथे जातात आणि याला वैतागून नावाजलेले प्रशिक्षक घरी बसत आहेत, असा त्याचा सूर होता. मी इंडियानात राहतो. मार्च महिन्यात, राष्ट्रीय स्पर्धा सुरू असताना, इथे वाण्याच्या दुकानातसुद्धा हाच विषय निघतो. टिपणातली अर्धी गोष्ट खरी आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

पूर्वी या खेळाडूंना कॉलेज बदलताच येत नव्हते असे नाही. पण बदलले की एक अख्खा हंगाम नुसता सराव करायचा, सामना खेळायचा नाही. शिवाय दुसऱ्या कॉलेजशी बोलणी करायला आधीच्या कॉलेजची परवानगी लागे आणि ती कुणासाठी द्यायची, कुणासाठी नाही, हे बहुधा प्रशिक्षकच ठरवी. ऑक्टोबर २०१८मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांची ऑनलाइन यादी, आले आणि परवानगीची भानगड संपली. नाव नोंदवले की कोणत्याही कॉलेजने संपर्क साधावा. एप्रिल २०२१मध्ये एकदा बदलीची मोकळीक मिळाली, तीही बसून न राहता. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावता येऊ लागले. या दोन गोष्टी तीन महिन्यांच्या आत आल्या, हे टिपणात यायला हवे होते. एकटी बदली किंवा एकटा पैसा आला असता तर इतकी उलथापालथ झाली नसती.

पुढे डिसेंबर २०२३मध्ये सात राज्यांनी मिळून एनसीएएला, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेला, कोर्टात खेचले. वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायाधीशांनी दुसऱ्या-तिसऱ्या बदलीवरची बंदीही थांबवली. २०२४पासून अभ्यासात पास असलेला खेळाडू हवे तितक्या वेळा कॉलेज बदलू शकतो. म्हणून ‘जुना नियम परत आणा’ ही टिपणातली मागणी कोर्टात टिकणे कठीण आहे.

आता निष्ठेबद्दल. मायामीचे प्रशिक्षक जिम लारान्यागा २०२३मध्ये संघाला फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत, घेऊन गेले आणि त्यानंतर आठ खेळाडूंनी पोर्टलमध्ये जायचे ठरवले, तेव्हा आपल्याला धक्काच बसला, असे त्यांनी डिसेंबर २०२४मध्ये पायउतार होताना सांगितले. त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. पण याच खेळातली दुसरी बाजू पाहा. २०२२मध्ये सेंट पीटर्स या न्यू जर्सीतल्या छोट्या कॉलेजने बलाढ्य केंटकीला हरवले आणि गटातल्या सोळांत पंधरावे मानांकन असूनही शेवटच्या आठांत धडक मारली. तसे आधी कुणालाच जमले नव्हते. संघाचा शेवटचा सामना होऊन चार दिवस होत नाहीत तोच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला निघून गेले. ते त्यांचेच जुने कॉलेज, पगार मोठा, कोण नाही म्हणेल? तेव्हा कुणी त्यांना स्वार्थी म्हटले नाही. त्यांच्यामागून खेळाडू पांगले, तेव्हा मात्र पोर्टलच्या नावाने बोटे मोडली गेली. प्रशिक्षक जॉन कॅलिपारीही पंधरा वर्षांनी, २०२४च्या वसंतात, केंटकी सोडून आर्कन्सॉला गेले. आमदारांच्या पक्षांतराला नावे ठेवणाऱ्या नेत्याने स्वतः तीन पक्ष फिरून यावे, तसे हे आहे.

तरीही हरवले ते काहीतरी मोलाचे आहे आणि त्यासाठी व्हर्जिनियाचे उदाहरण पुरेसे आहे. तिथले तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांचा बचाव शिकायला वेळ लागतो. पाचही जणांनी बास्केटच्या जवळ आवळून उभे राहायचे, चेंडू आत येऊ द्यायचा नाही, प्रत्येकाने दुसऱ्याची जागा झाकायची. ही पद्धत त्यांच्या वडिलांची, डिक बेनेट यांची. नवा मुलगा वर्षभर त्यात चाचपडतो. डिआंद्रे हंटरला तर त्यांनी पहिले वर्ष खेळवलेच नाही, नुसते घडवले. मार्च २०१८मध्ये हा संघ अव्वल मानांकन असताना यूएमबीसी या मेरीलँडमधल्या कॉलेजकडून ५४-७४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून हरण्याची ती पहिलीच वेळ. देशभर हसे झाले. पण काइल गाय, टाय जेरोम आणि दुखापतीमुळे त्या सामन्याला मुकलेला हंटर, तिघेही परत आले आणि एप्रिल २०१९मध्ये टेक्सास टेकला जादा वेळेत हरवून विजेते झाले. अंतिम सामन्यात हंटरने २७ गुण केले.

आजच्या नियमांत ते तिघे तसेच थांबले असते का? एखादा थांबला असता. पण पहिले वर्ष बाकावर बसलेल्या मुलाच्या वडिलांना दुसऱ्या कॉलेजच्या दलालाचा फोन आला नसता, हे मला पटत नाही.

बेनेट यांनी ऑक्टोबर २०२४मध्ये, हंगाम तोंडावर असताना, पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती घेतली. सध्याच्या वातावरणात या संघासाठी आपण योग्य माणूस उरलो नाही, असे ते म्हणाले. आणि त्याच वेळी, खेळाडूंना पैसा मिळतो हे बरोबरच आहे, असेही म्हणाले. आपल्या टिपणात पहिले वाक्य आले, दुसरे आले नाही.

प्रशिक्षकाचे काम किती बदलले ते केंटकीत दिसते. कॅलिपारींच्या जागी आलेल्या मार्क पोप यांना अख्खा संघ नव्याने उभा करावा लागला. आधीच्या मोसमातला शिष्यवृत्तीवरचा कुणी उरलाच नव्हता. तरी ते शेवटच्या सोळांत पोहोचले. म्हणजे नवी विद्या शिकता येते. त्यासाठी पूर्वी कॉलेजांत नसलेली माणसे लागतात. ड्यूकने २०२२मध्येच बास्केटबॉलसाठी जनरल मॅनेजर, म्हणजे मैदानाबाहेरचा कारभार पाहणारा माणूस, नेमला. एनबीए या व्यावसायिक लीगचा तारा स्टीफन करी तीन वर्षे डेव्हिडसन या छोट्या कॉलेजात खेळला. मार्च २०२५पासून तो तिथे सहायक जनरल मॅनेजर आहे. खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या हाउस खटल्यातील जून २०२५च्या समझोत्यानंतर एक कॉलेज सर्व खेळांच्या खेळाडूंना मिळून पहिल्या वर्षी, २०२५-२६मध्ये, सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर थेट वाटू शकत होते. त्यामुळे डावपेचांच्या फळ्यासोबत आता हिशेबाची वही आली. दोन्ही एकाच माणसाने सांभाळावीत ही अपेक्षाच चूक आहे.

भुर्दंड बसतो तो छोट्या कॉलेजांना. २०२५चा विजेता फ्लोरिडा. त्याचा सर्वोत्तम खेळाडू वॉल्टर क्लेटन घडला आयोना नावाच्या कॉलेजात. अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून आला, विल रिचर्ड बेलमाँटमधून. त्या वर्षी शेवटचे सोळाही संघ बड्या परिषदांतले, म्हणजे श्रीमंत कॉलेजांच्या गटांतले, होते. सेंट पीटर्ससारखा चमत्कार घडला तरी तो पुढच्या वर्षापर्यंत टिकवणार कोण? घडवणाऱ्या कॉलेजच्या हाती काही पडत नाही. फुटबॉलमध्ये युरोपातले छोटे क्लब खेळाडू विकून निदान पुढची दोन वर्षे तरी चालवतात. आयोनाला काय मिळाले?

माझी मागणी इतकीच आहे. खेळाडूला पगार देताच आहात तर दोन-तीन वर्षांचा करार करा. मुदतीआधी सोडणाऱ्याला नेणाऱ्या कॉलेजने जुन्या कॉलेजला भरपाई द्यावी. प्रशिक्षकांच्या करारात हे कलम केव्हापासून आहे. त्यात अट दोन्हीकडून असावी, म्हणजे मुलगा अपेक्षेइतका चमकला नाही म्हणून त्याला मधेच ‘पोर्टल बघ’ असे सुचवताही येणार नाही. असे सुचवले जाते, हे इथल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. त्याची बातमी होत नाही, कारण तो मुलगा मुलाखत द्यायला येत नाही.

प्रशिक्षक मॅट पेंटर यांच्या, आमच्या इंडियानातल्या पर्ड्यूकडे पाहा, असेही सुचवेन. झॅक ईडी तिथे चार वर्षे राहिला आणि २०२४च्या अंतिम फेरीपर्यंत संघाला घेऊन गेला. पोर्टल तेव्हाही उघडेच होते. यावर कुणी सविस्तर लिहिले तर आपल्याकडच्या, विशेषतः मुलांना खेळाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत पाठवू पाहणाऱ्या पालकांना, त्याचा उपयोग होईल.

आपला,
एक नियमित वाचक
लाफायेट, इंडियाना (अमेरिका)