काशीयात्रेत एक दिवस तरी वाढवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी एका यात्रा कंपनीबरोबर मी काशीला गेले होते. सायंकाळी दशाश्वमेध घाटावरची आरती आणि पहाटे विश्वनाथाचे दर्शन झाले, की लगेच आमची बस प्रयागच्या वाटेला लागली. दर्शनाचे समाधान मिळाले, पण काशी पाहायची राहूनच गेली, ही रुखरुख मनातून जाईना. म्हणून यंदा हिवाळ्यात आम्ही दोघे पुन्हा जाऊन चार दिवस राहिलो.

इथे गंगा उत्तरवाहिनी होते आणि घाट पूर्वाभिमुख आहेत, त्यामुळे सूर्योदयाचे पहिले ऊन थेट पायऱ्यांवर उतरते. त्या उन्हात घाटाघाटाने चालत गेल्यास अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट अशी आपल्याच इतिहासाची पाने उलगडत जातात. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्यादेवी होळकरांनी बांधविले, एकनाथ महाराजांनी आपले भागवत १५७३ मध्ये याच नगरीत पूर्ण केले आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट इथलेच. यातले एक अक्षरही पहिल्या फेरीत कोणी आम्हाला सांगितले नव्हते.

सारनाथ तर जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. बुद्धांनी पहिला उपदेश केला त्या भूमीवर धमेख स्तूप उभा आहे, अशोकस्तंभाचा भग्न बुंधा ब्राह्मी लेखासह मूळ जागी आहे आणि आपल्या राजमुद्रेवरचे सिंह ज्यावरून घेतले, ते स्तंभशीर्ष शेजारच्या संग्रहालयात आहे. पाठ्यपुस्तकापासून नोटेपर्यंत आयुष्यभर पाहिलेली ती आकृती साक्षात समोर आली, तेव्हा माझे डोळे भरून आले. हे शीर्ष ज्या चुनारच्या वालुकाश्मातून घडविले, त्याच दगडाचा रामनगरचा किल्ला गंगेच्या पलीकडच्या तीरावर आहे. तिथली महिनाभर चालणारी रामलीला पाहायची असेल, तर मात्र भाद्रपद-आश्विनातच जायला हवे.

यात्रा आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी काशीतील मुक्काम एका दिवसाने तरी वाढवावा आणि घाटांची माहिती मराठीतून सांगणारा जाणकार सोबत द्यावा. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हेही त्यांनी कार्यक्रम आखताना ध्यानात घ्यावे.

आपली विश्वासू,
एक वाचक