चार महिने नुसतं ‘बघू’

लेका,

परवा फोनवर तू विचारलंस ठरलं का रे त्या छोट्या शहरात शिफ्टिंगचं, आणि मी नेहमीसारखं “बघू” म्हणून विषय बदलला. हे बघू बघू करता चार महिने झाले, आता घरात मी हा शब्द काढला की पोरगी हसते. फोनवर नीट सांगायला गेलो असतो तर तू मधेच “अरे जा ना बिनधास्त” म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून लिहितोय. रात्रीचे साडेबारा झालेत, सगळे झोपलेत, तू सावकाश वाच.

आधी एक्सेलची गंमत ऐक. मी शीट केली, १४ मुद्दे, प्रत्येकाला वेगळं वजन, एका बाजूला आत्ताचं शहर आणि दुसऱ्या बाजूला ते छोटं. पहिल्या फेरीत छोटं शहर ११ मार्कांनी जिंकलं आणि मला काही बरं वाटलं नाही. मग म्हटलं प्रवासाला कमी वजन दिलंय आपण, ६ चे ८ केले, तर हे शहर जिंकलं, आणि तेव्हाही बरं वाटेना, मग शांततेचं वजन वाढवलं... असं तीन रविवार चाललं होतं. शेवटी लक्षात आलं की मी आधी निकाल लावून मग मार्क वाटतोय. शीट अजून आहे, उघडत नाही.

तिथलं घर मस्त आहे यात वाद नाही. दोन खोल्या जास्त, गॅलरीत खुर्ची टाकून पाय लांब करता येतात, आणि भाडं इथल्यापेक्षा बरंच कमी. पण ते कमी का आहे याचा विचार आपण करत नाही. तुला माहितीये मला असलं काहीतरी वाचत बसायची खोड आहे. विल्यम अलोन्सो म्हणून एक अमेरिकन होता, त्याने १९६४ मध्ये हे सगळं गणितात मांडलं की कामाच्या ठिकाणापासून जितकं लांब जावं तितकी जागा स्वस्त होत जाते, कारण जाण्यायेण्याचा खर्च आणि त्रास माणूस त्या किमतीतून वजा करूनच बोली लावतो. त्याच्या कितीतरी आधी, १८२६ मध्ये, फॉन थ्युनेन नावाच्या जर्मन जमीनदाराने हेच शेतीबद्दल लिहिलं होतं, बाजारपेठ किती लांब आहे त्यावर कुठे काय पिकवणं परवडेल ते ठरतं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा शेतकरी जे ओळखून होता ते मला घराचे फोटो बघताना सुचत नव्हतं. घर स्वस्त नाहीये रे, फक्त उरलेले पैसे वेळेत भरायचेत. वेळेत म्हणजे वेळेवर नाही, वेळेच्या रूपात.

तर तो हिशोब केला. आत्ता मला ऑफिसला एका बाजूने ३५ मिनिटं लागतात, तिथून ८५ लागतील. म्हणजे ऑफिसच्या दिवशी १०० मिनिटं जास्त. आठवड्यातून तीन दिवस जायचं, वर्षातले ४६ आठवडे धर, २३० तास झाले. आणि उद्या एचआरचा मेल आला की पाचही दिवस या, तर ३८३. मला खरी भीती याची आहे, अंतराची नाही. घर घ्यायचं म्हटलं तर कर्ज २० वर्षांचं आणि ही तीन दिवसांची सवलत पुढच्या मेलपर्यंतची. एका साहेबाच्या मूडवर घराचा पत्ता ठरवायचा म्हणजे कमाल आहे.

लोक म्हणतात सवय होते. नाही होत म्हणे. श्टुट्झर आणि फ्राय म्हणून दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची बरीच वर्षांची माहिती तपासली, तर ज्यांचा प्रवास लांब ते एकूण आयुष्याबद्दल कमीच समाधानी निघाले. खरं तर चांगलं घर किंवा चांगला पगार मिळतो म्हणून माणूस लांबून येतो ना, मग भरपाई व्हायला पाहिजे, पण तशी होताना दिसली नाही. मला वाटतं मोठ्या खोलीची सवय महिन्याभरात होते, नंतर ती फक्त खोली असते, ट्रॅफिक मात्र रोज नवीन नवीन तऱ्हेने छळतो त्यामुळे त्याची सवय व्हायला वावच मिळत नाही.

तर मग कागदावरचं पुरे म्हणून आम्ही तिथे आठ दिवस राहून आलो, एका ओळखीच्यांचा फ्लॅट रिकामा होता. हे मात्र कुणीही करावं असं माझं ठाम मत झालंय. घर बघायला सगळे रविवारी सकाळी जातात, रस्ते मोकळे, ऊन कोवळं, एजंटही आंघोळ करून आलेला, कुठलंही शहर आवडेल अशाने. मी मुद्दाम मंगळवारी संध्याकाळी सात वाजता ऑफिसमधून तिकडे निघालो. ८५ मिनिटं म्हणालो ना, ती चांगल्या दिवसाची, त्या दिवशी १०५ लागली आणि शेवटची वीस मिनिटं मी कुणाशी बोलायच्या लायकीचा नव्हतो. आणखी एक कळलं, तिकडे जाणारी शेवटची थेट गाडी रात्री पावणेदहाची. म्हणजे ऑफिसनंतर कुठेही गेलो तरी नऊपासून घड्याळ बघत बसायचं, शाळकरी पोरासारखं.

पहिल्या रात्री शांततेमुळेच झोप लागली नाही, फ्रिजचा आवाज इतका मोठा असतो हे मला माहीतच नव्हतं. सोसायटीच्या गेटबाहेर फूटपाथ एकदम संपतो, पुढे नुसती माती. पण पोरगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुळीने भरलेले पाय घेऊन घरात आली आणि म्हणाली उद्या मला साडेपाचला खाली जायचंय, टीममध्ये घेतलंय. इथे तिला खेळायचं असेल तर दोन आयांचे तीन मेसेज होतात आधी. शाळेचं बघितलं, ठीक आहे, इथल्यासारखीच आहे, त्यावर जास्त काही लिहित नाही.

आईचं मात्र डोक्यात होतं. ती म्हणते “मला काय, तुम्ही न्याल तिथे येईन”, आणि यासारखं अवघड वाक्य दुसरं नाही, कारण मग सगळी जबाबदारी आपल्यावर. तिच्या बीपीमुळे मी हॉस्पिटलं मोजत बसलो होतो, इथे किती तिथे किती, मग आपल्या डॉक्टरांनीच डोकं ताळ्यावर आणलं. ते म्हणाले स्ट्रोक आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही जितकं लवकर तितकं चांगलं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, तेव्हा हॉस्पिटलं किती ते मोजू नका, रात्रंदिवस सीटी चालू असलेलं किती मिनिटांवर आहे ते बघा. तिथे मी रात्री अकराला गाडी काढून जाऊन आलो, १८ मिनिटं. इथलं चार किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत मला ४० लागली होती. या एका गोष्टीत माझा अंदाज सपशेल चुकला होता.

पण आईचं दुसरंही आहे. इथे खाली उतरली की औषधवाला नावाने हाक मारतो, बँकेतली मुलगी फॉर्म भरून देते, बाकावरच्या दोघीजणी ती आली नाही तर फोन करतात. यातलं कुणी तिच्या जवळचं नाही, पण यांच्यावरच तिचा दिवस उभा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अशा कच्च्या ओळखींवर लिहिलं होतं, त्याचा रोख नोकरीबिकरी मिळण्याकडे जास्त, पण मला ते वाचताना आईचा बाकच दिसत होता. ट्रकमध्ये कपाट चढवता येतं, हे नाही चढवता येत.

आणि मग मला जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकन संशोधकाचं एक सापडलं. २०१८ मध्ये त्याने मोजलं की नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आपण होस्टेलला २०० तास महिन्याभरात संपवले असतील, त्यातले निम्मे गच्चीवर. आता या वयात नवीन शहरात २०० तास आणायचे कुठून? आणि गंमत बघ, माझा जादाचा प्रवास वर्षाला २३० तास. म्हणजे दरवर्षी एक जिवलग मित्र गाडीत बसून घालवायचा. मी स्वतःवरच खूश झालो रे हे सुचल्यावर, लगेच तुझ्या वहिनीला जाऊन सांगितलं.

ती कपडे घडी घालत होती. सगळं ऐकलं आणि म्हणाली, “माझे किती झाले असतील?” आणि घड्या कपाटात ठेवून झोपायला गेली.

मला आधी कळेचना. मग कळलं. हे आत्ताचं घर आम्ही घेतलं तेव्हा माझं ऑफिस जवळ होतं आणि तिचं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दीड तास जायला, दीड तास यायला, आठवड्याचे पाच दिवस, सहा वर्षं, तिचं काम पूर्ण घरून सुरू होईपर्यंत. रात्री बसून मांडलं, ४१४० तास होतात. हॉलच्या मापाने वीस मित्र. आणि तेव्हा मी कुठली एक्सेल शीट केली होती सांग बरं? पाच मिनिटांत ठरलं होतं, तुझ्यासमोरच, तू म्हणाला होतास मस्त जागा आहे. आता ती रोज बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मीटिंगा करते, मागे आई येऊ नये म्हणून दाराला खुर्ची लावून. त्या घरात तिला खोली मिळणार आहे, दार असलेली. १४ मुद्द्यांत हा मुद्दाच नव्हता. “वर्कस्पेस” म्हणून एक होता, वजन ४.

मग दोन दिवस मी गप्प होतो. तिने विषय परत काढला नाही, ती काढणारही नाही.

तर आता जे ठरतंय ते असं. विकत घ्यायचं नाही, एक वर्ष भाड्याने राहायचं, पोरीची परीक्षा झाली की जायचं. वर्षभरात ऑफिसचा तो मेल आला तर आला, तेव्हा काय ते कळेल, कर्ज तरी डोक्यावर नसेल. आईला पंधरा दिवसांतून एकदा इथे आणून सोडायचं, बाकावर. आणि मंगळवार-बुधवार लागोपाठ ऑफिस ठेवून मंगळवारी रात्री मुक्काम तुझ्याकडे, त्याने आठवड्याला एक पूर्ण फेरी वाचते. तुला विचारलेलं नाही, कळवतोय. एक चादर काढून ठेव. घोरणं कमी झालेलं नाही.

तू म्हणशील दीड तासच तर आहे, येत राहू. नाही येणार रे आपण. आत्ता तू दहा मिनिटांवर आहेस म्हणून गुरुवारी जेवण झाल्यावर चपला अडकवून येतोस आणि काही न बोलता मॅच बघून जातोस, ते दीड तासावरून कुणी करत नाही, तिथे कारण लागतं. म्हणून मंगळवार पक्का कर, नाहीतर आपण वाढदिवसाला मेसेज करणाऱ्यांत जमा होऊ.

एक राहिलंच. स्टीव्हन लेव्हिट म्हणून अर्थशास्त्रज्ञ आहे, त्याने हजारो लोकांना मोठे निर्णय चक्क छापा-काटा करून घ्यायला लावले, २० हजारांहून जास्त वेळा नाणं उडवलं गेलं, आणि ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी जास्त खूश निघाले. हे मी जेवताना सांगितलं तर पोरीने लगेच नाणं आणलं, छापा म्हणजे जायचं. उडवलं ते थेट मोठ्या कपाटाखाली गेलं. टॉर्च मारून बघितलं, दिसतंय, पण कुठली बाजू वर आहे ते कळत नाही, आणि ते कपाट आता शिफ्टिंगलाच हलणार. त्या दिवशी तू उचलायला येणारच आहेस, तेव्हा बघू.

तुझाच,
(ते शेवटचं ‘बघू’ मोजू नकोस)