घरी सोडतानाची चिठ्ठी मराठीत हवी

संपादक महोदय,

हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी करून जळगाव-धुळ्याहून गावी परतणाऱ्या रुग्णाच्या हातात डिस्चार्ज कार्ड असते, पण इंग्रजीत. घरच्यांना त्यातले '१-०-१' तेवढे कळते. कुठली गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत, हे कळत नाही. घोटाळा तिथेच होतो.

अँजिओप्लास्टीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात तो स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर शरीराचे अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर तिच्यावर रक्ताची गुठळी धरायची भीती असते. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, अशा दोन गोळ्या साधारण १२ महिने चालतात. पुढे अ‍ॅस्पिरिन बहुधा कायमची. 'आता बरं वाटतंय' म्हणून किंवा दाढ काढायची म्हणून त्या परस्पर बंद केल्या, तर स्टेंट अचानक बुजू शकतो. टिकाग्रेलॉरने काहींना दम लागल्यासारखे होते. तसे झाले तर डॉक्टरांना सांगावे, ते गोळी बदलून देतात.

याच्या उलटही होते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचे औषध एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. ती सुरू झाली तरी डब्यातली सुटी अ‍ॅस्पिरिन चालूच राहते, आणि मग हिरड्यांतून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच. पाकिटावरचे ठळक नाव कंपनीने दिलेले असते. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचे खरे नाव आणि मिलिग्रॅम असतात. जुळवायचे ते हे.

कापूस वेचणीत कंबर धरली की दुकानातून डायक्लोफेनॅक आणायची आपल्याकडे सवयच आहे. झटका येऊन गेलेल्याने ती टाळावी. हृदयाला धोका वाढतो आणि पोटात रक्तस्रावही होऊ शकतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालते, तेही विचारून.

सॉर्बिट्रेट लिहून दिली असेल तर छातीत दुखताच बसून जिभेखाली ठेवावी. उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून माणूस कोसळू शकतो. ५ मिनिटांत दुखणे थांबले नाही तर १०८ ला फोन. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नये.

चालणे सपाटीवर ५-१० मिनिटांपासून, मग हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता आले पाहिजे. वैशाखात मात्र सकाळी ८ च्या आत आटपावे. लघवीची आणि बीपीची गोळी चालू असताना आपल्या उन्हात घेरी येते. चैत्रातली सप्तशृंगी गडाची पदयात्रा त्या वर्षी राहू द्यावी. तंबाखू-मशेरी मात्र त्याच दिवसापासून बंद, 'हळूहळू सोडतो' नाही.

रुग्णालयांना मागणी एवढीच: सुट्टी देताना मराठीत एक पानी तक्ता द्या. गोळीचे नाव, वेळ, कधीपर्यंत, असे तीन रकाने. आणि तो रुग्णाबरोबरच घरात गोळ्या काढून देणाऱ्या माणसालाही वाचून दाखवा, गरज पडली तर अहिराणीत. पंधरा मिनिटांचे काम आहे.

– एक औषधनिर्माता, जळगाव