विली लोमन आधी ली जे. कॉबनं केला

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकावरचा लेख वाचला, बरं वाटलं, पण सगळीकडं नट डस्टिन हॉफमनच, आणि त्यातला म्हातारा सेल्समन विली लोमन पहिल्यांदा ज्यानं उभा केला त्या ली जे. कॉबचं साधं नावसुद्धा नाही, हे काय पटलं नाही बघा.

१० फेब्रुवारी १९४९ ला न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरात पहिला प्रयोग झाला, दिग्दर्शक एलिया कझान. विली ६३ वर्षांचा आणि कॉब तेव्हा फक्त ३७ चा! आम्ही हौशी लोक केसाला पावडर फासून कमरेत वाकलं की म्हातारा झाला म्हणतो. नाटक लिहिणाऱ्या आर्थर मिलरच्या डोक्यात विली हा बुटका माणूस होता, एक सेल्समन त्याला मागनं सुंगट (म्हणजे कोळंबी) म्हणतो आणि विली त्याच्या थोबाडीत ठेवून देतो असा संवाद होता, पण कॉब पडला धिप्पाड, मग मिलरनं सुंगटाचा वालरस, म्हणजे समुद्रातला तो अवाढव्य सुळेवाला प्राणी, केला. १९८४ ला हॉफमन आला, तो बारका, तेव्हा परत सुंगट. आता सांगा, ज्याच्यासाठी लेखकानं शब्द बदलला त्यालाच विसरायचं काय?

पडदा उघडला की विली सॅम्पलच्या दोन बॅगा घेऊन घरात येतो आणि त्या खाली ठेवतो, बस एवढंच. आमचे बाबा शहापुरी साड्यांची दोन गाठोडी घेऊन संकेश्वर, निपाणीचे बाजार करायचे, रात्री शेवटच्या बसनं आले की गाठोडी खाली ठेवून दोन मिनटं तिथंच उभे राहायचे, आई पाण्याचा तांब्या घेऊन आली तरी बोलायचे नाहीत. स्क्रिप्ट वाचताना मला तेच दिसतंय.

कॉबचं नशीब पण बघा, १९५१ च्या सिनेमात विली मिळाला फ्रेडरिक मार्चला, कॉबला तो कॅमेऱ्यासमोर करायला मिळाला १९६६ ला, तो पण टीव्हीवर. १९५३ ला त्यानं अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी चौकशी कमिटीपुढं जुन्या सोबत्यांची नावं सांगितली, ते मला आवडलेलं नाही, उगीच झाकत नाही. पुढच्याच वर्षी ‘ऑन द वॉटरफ्रंट’ सिनेमा आला, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, आणखी एक १९५८ च्या ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’साठी, ऑस्कर मात्र कधीच नाही. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ सिनेमामधला शेवटपर्यंत अडून बसणारा तापट ज्युरी तोच. आपल्याकडं ‘एक रुका हुआ फैसला’ मध्ये पंकज कपूरनं केला तोच रोल, तो सगळ्यांना आठवतोय की!

तेवढा कॉबचा एक फोटो छापा, पुढच्या रविवारी चालेल. आमच्या ग्रुपनं हे नाटक बसवायला घेतलंय, विली माझ्याकडं आहे. माझी उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळं आम्ही सुंगटच ठेवलाय.

आपला एक वाचक,
शहापूर, बेळगाव